१५१० पुरेत, आता ती वही उघड

प्रिय बेटा,

बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात तुझी आई भेटली. हातात सांभाराची जुडी, आणि तिथंच उभ्या उभ्या सांगत होती की पोट्टी तीन दिवसांपासून धड जेवून नाही राहिली, डिसेंबरला सॅट, ती अमेरिकेच्या कॉलेजांसाठीची परीक्षा, पुन्हा द्यायची म्हणते, क्लासवाल्यानं सांगितलं की १५५० च्या खाली हार्वर्ड-एमआयटीचं नावच काढू नको. मी म्हटलं वहिनी, मी लिहितो तिला. फोनवर तू नुसतं हो काका, हो काका करते आणि ठेवून देते, म्हणून लिहून राहिलो. मधेच सोडू नको, पूर्ण वाच, तुझ्या त्या छताच्या टेंपरेचरच्या वहीचं पण पुढे आहे.

तुझे १६०० पैकी १५१० आहेत, मॅथ्स ७९० आणि रीडिंग-रायटिंग ७२०, दोन्ही ८०० पैकी. एवढे मार्क आमच्या बॅचच्या कोणाला पडले असते तर महालभर पेढे वाटले असते. पण तुला ते कमी वाटतात, आणि काहून वाटतात हे मला समजतं, कारण आपण सगळे कटऑफच्या गावात वाढलो. जेईई मेनचा पर्सेंटाइल, त्यावरून रँक, रँकवरून जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारे ते) कम्प्युटरनं दिलेली सीट, मधे माणूस कुठंच नाही. तिथं दोन मार्क इकडचे तिकडे झाले तर रँक हजारोंनी घसरते आणि आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीचं कॉम्प्युटर सायन्स हातचं जाऊन भलतीच ब्रँच मिळते. नीटचं तेच, एमएचटी-सीईटीचं तेच. म्हणून तुझे बाबा मला पहिलाच प्रश्न विचारतात, सर, हार्वर्डचा कटऑफ किती? नाही ना भाऊ कटऑफ. तिथं अशी कुठली यादीच लागत नाही.

मग स्कोअरचं काम काय? एकच. अर्ज वाचणाऱ्या माणसाला एक शंका असते, की या पोरीला आपल्याकडचा अभ्यास झेपेल का. एमआयटीत कोणताही विषय घेतला तरी दोन सेमिस्टर कॅल्क्युलस आणि दोन सेमिस्टर फिजिक्स सगळ्यांना करावंच लागतं, सुटका नाही. कोविडमध्ये त्यांनी सॅट ऐच्छिक केली होती, मार्च २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, आणि कारण उघड सांगितलं की स्कोअर नसला तर पोरगा इथल्या गणितात टिकेल की नाही याचा अंदाज नीट येत नाही, विशेषतः ज्याच्या शाळेत मोठमोठे कोर्स नसतात त्याच्याबद्दल. मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागोमाग परत सॅटकडे वळले (येलनं सॅटच्या जागी एपी किंवा आयबी या दुसऱ्या परीक्षांचे मार्क पण चालतील म्हटलं). तेव्हा कोणी तुला सांगत असेल की आता स्कोअरला कोणी विचारत नाही, तर ते खोटं आहे. आपल्यासारख्यांसाठी तर तो जास्तच लागतो. बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला तुझी शाळा माहीत नाही, तिथले ९२ टक्के म्हणजे काय हे माहीत नाही, पण ७९० म्हणजे काय हे त्याला बरोबर माहीत आहे.

पण त्या शंकेचं उत्तर एकदा मिळालं की मिळालं. ७९० ला मिळालं. ८०० नं तेच उत्तर पुन्हा मिळते, जास्त मोठ्यानं नाही मिळत. एमआयटीत ॲडमिशन मिळालेल्यांची मॅथ्सची खालची पाव रेघ, म्हणजे २५ वा पर्सेंटाइल, ७८० च्या आसपास आहे, तू त्या रेघेच्या वर आहे. हा आकडा मी मनानं नाही सांगत, तिथली बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा कागद वेबसाइटवर टाकतात, त्यात सी-९ मध्ये स्कोअर असतात आणि सी-७ मध्ये कोणत्या गोष्टीला किती वजन ते लिहिलेलं असतं, विषयांची काठिण्यपातळी, शाळेचे मार्क, निबंध, शिफारसपत्र, स्वभाव, सगळं. क्लासवाल्याचं ऐकण्याआधी तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा तो कागद काढ. आणि बर्कली, यूसीएलए पण तुझ्या यादीत आहेत ना, ते कॅलिफोर्नियाचे सरकारी आहेत, ते सॅट बघतच नाहीत. पाठवला तरी नाही. तिथं १५१० आणि १६०० दोन्ही सारखेच.

आता थोडं गणित कर, तुला आवडते म्हणून. २०२४ ला शाळा संपवणाऱ्या पोरांच्या बॅचमध्ये १९ लाखांहून जास्त जणांनी सॅट दिली, त्यातले साधारण ७ टक्के १४०० च्या वर. म्हणजे सव्वा लाखाहून जास्त पोरं. त्याच वर्षी हार्वर्डकडे ५४ हजार अर्ज आले आणि होकार गेला दोन हजारांहून कमी जणांना. आता सांग, यात स्कोअरवर निवड करायची म्हटली तरी कशी करणार? नाकारलेल्यांच्या ढिगात १५५०, १५७० वाले गंजच पडले असतील. शिवाय तुझ्या स्वतःच्या रिपोर्टवर स्कोअर रेंज म्हणून छापलेलं आहे, पाहिलं का? तीच पोरगी, तीच तयारी, दुसऱ्या दिवशी बसली तर ३०-४० मार्क वर किंवा खाली येऊ शकतात, हे परीक्षा घेणारेच सांगतात. तू ज्या ४० मार्कांसाठी जेवण सोडलं ते त्या हेलकाव्यातले आहेत बेटा.

एक पोरगा सांगतो, नाव नाही सांगत. काही वर्षांआधी माझ्याकडे आला, १५६०, आणि खरंच हुशार. पण अकरावीला त्यानं तसल्या कॉलेजात नाव टाकलं होतं जिथं जायचंच नसते, दिवसभर क्लास आणि हजेरी कॉलेज आपोआप लावते, तू ओळखते हा प्रकार, अर्ध्या नागपूरची पोरं तेच करून राहिली. अकरावीच्या मार्कांना इकडे कोणी विचारत नाही म्हणून त्यानं पेपर असेच दिले, ५८ टक्के. अमेरिकेची कॉलेजं नववी, दहावी, अकरावी, बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात. आणि शिफारसपत्र कोण देणार? ज्या मास्तरांनी त्याला कधी वर्गात पाहिलंच नाही त्यांनी दिलं, चार ओळी, मेहनती व आज्ञाधारक विद्यार्थी आहे, वर्तणूक चांगली. नऊ ठिकाणी अर्ज, नऊ नकार. नकाराचं कारण कोणीच कळवत नाही, त्यामुळे यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण ती फाइल मी स्वतः वाचली होती, आणि त्यात १५६० सोडला तर पोरगाच नव्हता. अकरावीलाच मी त्याच्या वडलांशी बोलायला हवं होतं, ते राहून गेलं, त्याची टोचणी मला अजून आहे. म्हणून तुझ्या मागे लागतो.

तुझं तसं नाही. तू रोज शाळेत गेली, फिजिक्सच्या मॅडमशी भांडली सुद्धा. त्यांनाच पत्र माग. त्यांना सांग की मॅडम, ते कपॅसिटरचं गणित तुम्ही चुकलं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच वर्गात येऊन बरोबर आहे म्हणाल्या, तेच लिहा. एवढा एक प्रसंग त्या आज्ञाधारक विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी भारी आहे. आणि मॅडमला वेळ दे, आदल्या दिवशी जाऊन उभी राहू नको.

आता वहीचं. दोन उन्हाळे तू महालातल्या आजीच्या टिनाच्या छतावर अर्ध्या भागाला चुना लावून खालच्या दोन्ही खोल्यांचं टेंपरेचर लिहिलं, दिवसातून पाच वेळा, नवतप्यात सुद्धा, ज्या दिवसांत आपण दुपारी कूलरच्या ताटीसमोरून हलत नाही. आजी म्हणायची ही पोट्टी वेडी झाली. पहिल्या वर्षी चुन्याखालच्या खोलीत दुपारी तीन-चार डिग्री कमी आणि दुसऱ्या वर्षी फरक जवळपास गेला, तेव्हा तू रडकुंडीला येऊन मला फोन केला होता की सगळं चुकलं. आणि मग तुलाच सापडलं की पावसानं चुना धुऊन गेला होता आणि वरून धूळ बसली होती. ते तू कुठं लिहिलं? कुठंच नाही! ऑगस्टपासून वही बंद आहे, आई म्हणाली, कारण सॅट. मला याचं फार वाईट वाटलं, स्कोअरपेक्षा जास्त.

आणि हो, कोणी येऊन म्हणेल की यावर एक एनजीओ रजिस्टर करू, पैसे देऊन एखाद्या जर्नलमध्ये पेपर छापून आणू, पॅकेज आहे. नको. मागच्या वर्षी एका पोरीच्या घरच्यांनी असं पॅकेज घेतलं, दीड लाख गेले, आणि इंटरव्ह्यूत तिला तिच्याच पेपरमधलं विचारलं तर सांगता नाही आलं. तुझी वही जशी आहे तशीच, चहाच्या डागांसकट, खरी आहे. निबंधात चुना धुऊन गेल्याचं लिही, पहिल्या वर्षीचं यश नको लिहू, ते तर कोणीही लिहील.

पैशाचं पण बोलावं लागेल, बाबा तुझ्यासमोर बोलत नाहीत म्हणून मी बोलतो. या कॉलेजांचा खर्च आता वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर गेला, म्हणजे सत्तर लाखांहून जास्त, चार वर्षं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच आहेत जिथं परदेशी पोरांनी मदत मागितली तरी निवडीत ते बघत नाहीत, आणि निवड झाली की घरच्या ऐपतीप्रमाणे पैसे देतात. बाकी बहुतेक ठिकाणी तू मदत मागितली की तो विचार निवडीतच होते. म्हणजे तिथं तुझी स्पर्धा सगळ्या अर्ज करणाऱ्यांशी नाही, मदत मागणाऱ्या परदेशी पोरांशी आहे, आणि जागा थोड्या. यावर १५५० चा इलाज नाही. उलट काही स्टेट युनिव्हर्सिट्या सरळ स्कोअर आणि मार्क बघून फी कमी करतात, तिथं ४० मार्कांनी खरंच पैसे वाचू शकतात. तुझ्या यादीत तशी दोन-तीन असतील आणि त्यांची पुढची पायरी १५२० किंवा १५५० ला असेल, तर मला दाखव, मग मी स्वतः म्हणीन दे डिसेंबर. नुसतं हार्वर्डसाठी देत असशील तर नको.

कारण डिसेंबर फुकट नाही. जानेवारीच्या सुरुवातीला अर्जांच्या तारखा, जानेवारीच्या शेवटी जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड. जिथं मार्कच सगळं ठरवतात तिथं मार्कांसाठी जीव काढ, मी अडवणार नाही. व्हीएनआयटीच्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या पोरांसाठी आहेत, त्यासाठी मेनची रँक लागते आणि बारावीला ७५ टक्के, हे तुझ्या हातातलं आहे, घरापासून सायकलच्या अंतरावर आहे, आणि ते मिळालं तर मला अमेरिकेइतकाच आनंद होईल, हे मनापासून सांगतो. डिसेंबरच्या परीक्षेआधीचे पाच आठवडे तू रीडिंगच्या पॅसेजमध्ये घालवले तर मेन पण गेली आणि वही पण.

तर आता असं कर. शाळेच्या ऑफिसमधून नववी ते अकरावीच्या मार्कशीट शिक्का मारून घे, ते लोक आठ-आठ दिवस लावतात म्हणून उद्याच अर्ज दे. सॅटचं रजिस्ट्रेशन अजून केलं नसेल तर यादी मला दाखवेपर्यंत करू नको. रविवारी सकाळी साडेआठला घरी ये, काकू तर्री-पोहे करणार आहे, आजीला पण घेऊन ये, मला तिला विचारायचं आहे की यंदा पावसाआधी छताला चुना कोणी लावला होता. आणि वही आण, दोन्ही वर्षांची.

तुझा
काका