युनिटमागचे 5 रुपये 20 पैसे कुठून येतात?

ताई, नमस्कार.

तुमचं वय 63, नोकरी खासगी होती म्हणून पेन्शन नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख, बँकेत मुदत ठेवी 12 लाख आणि दोन वर्षांपूर्वी 375 रुपयांनी घेतलेले एका रीटचे, म्हणजे अनेकांचे पैसे भाड्याच्या ऑफिस इमारतींत गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, 4,000 युनिट. भाव आता 400. ‘दर तिमाहीला घरबसल्या भाडं येतंय, तर ठेवू की विकू?’ असं तुम्ही विचारलंय.

निम्मे ठेवा, निम्मे विका, असं मी सांगेन.

तुम्ही पाठवलेलं वाटपाचं पत्रक पुन्हा एकदा बघा. युनिटमागे 5.20 रुपये आलेत, पण त्यात व्याज 90 पैसे, लाभांश 2.40 आणि ‘कर्जाची परतफेड’ 1.90. रीट आपला पैसा इमारतीच्या मालक कंपनीला कर्जाऊ देते. कंपनी भाड्यातून ती मुद्दल फेडते, तेच हे 1.90. यात फसवणूक काही नाही, पण हिशेबात ते तुमचंच भांडवल परत येतंय. वर्षाला 83,200 रुपये मिळतात म्हणून तुम्ही साडेपाच टक्के धरलेत. हा भाग वगळला तर उरतात 52,800, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. तुमचं घर या पैशावर चालतं, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

बचत योजनेची मर्यादा 30 लाख आहे, म्हणजे तुम्हाला अजून 10 लाखांची जागा आहे. 2,000 युनिट विकून येणारे 8 लाख तिथे ठेवले तर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 65,600 मिळतील, आणि पाच वर्षं दर बदलणार नाही. तेवढेच युनिट आज तुम्हाला 41,600 देतात, तेही मुद्दल धरून.

कराचं म्हणाल, तर आतापर्यंत मिळालेली परतफेड खरेदी किमतीतून वजा होते. आठ तिमाहींचे युनिटमागे 15.20 गेले की किंमत 359.80 उरते आणि 2,000 युनिटांवर नफा होतो 80,400. दीर्घकालीन नफ्याची सूट 1.25 लाखांची आहे, त्यामुळे कर शून्य. सगळे 4,000 एकदम विकलेत तर ती ओलांडाल. व्याजावर कापलेला 10 टक्के टीडीएस विवरणपत्र भरून परत मागा. तुमच्या उत्पन्नावर कर बसतच नाही.

मग उरलेले का ठेवायचे? कारण बचत योजनेचं व्याज वाढत नाही, ऑफिसचं भाडं वाढतं. बहुतेक करारांत तीन वर्षांनी 15 टक्के वाढ लिहिलेली असते. बाजाराची नियामक संस्था सेबीचे रीटसाठीचे नियमही कडक आहेत: 80 टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणारी हवी, वाटपयोग्य रकमेतले किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यायलाच हवेत. पण गाळे रिकामे राहिले तर सेबी भाडेकरू आणून देत नाही. कोविडनंतर घरून काम सुरू झालं तेव्हा सेझमधल्या, म्हणजे निर्यातीसाठी राखलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, आयटी इमारतींना हे चांगलंच जाणवलं. रिकामा मजला सेझमधून बाहेर काढून इतर भाडेकरूंना द्यायची मुभा मिळाली ती थेट डिसेंबर 2023 मध्ये.

म्हणून पुढच्या तिमाहीत भावाआधी दोन आकडे बघा: किती टक्के जागा भाड्याने गेली आहे आणि येत्या दोन वर्षांत किती करार संपतायत. दोन्ही गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात असतात. सापडले नाहीत तर ती फाइल मला पाठवा, आपण फोनवर सोबत वाचू.