तेरवी ही फक्त रूढी आहे की तिला काही सामाजिक अर्थ आहे?

अर्थ आहे, पण तो पंगतीत नाही. रॉबर्ट हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाने 1907 मध्ये बोर्निओतल्या दायाक लोकांवर लिहिताना मांडलं, की श्वास थांबला म्हणून समाजापुरता माणूस लगेच मरत नाही. त्याची जागा रिकामी झाली हे मान्य करायला समूहाला काळ लागतो, आणि विधी तो काळ बांधून देतात. आपल्याकडे ते तेरा दिवस. घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे आणतात, भेटायला आलेला माणूस तासभर न बोलता ओसरीवर बसतो. खरं काम हे बसणंच करतं. गावजेवण सोडलं तरी काही बिघडत नाही, आणि कर्ज काढून घातलं तर बिघडतंच. गाडगेबाबांनी हे आपल्याच विदर्भात कीर्तनातून ओरडून सांगितलं होतं.

शेतकरी आत्महत्येच्या घरात मात्र हा काळही नीट मिळत नाही. सुतक फिटायच्या आत पंचनामा, तलाठ्याच्या फेऱ्या, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं. मग सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’. अपात्र ठरलं, की लोक ‘दारू पीत असेल’ म्हणायला मोकळे. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखाबद्दल लिहिलंय. मागे राहिलेल्या या शेतकऱ्यांच्या बायकांचं दुःख मला त्याच जातीचं वाटतं. तेराव्या दिवसानंतर त्यांच्याकडे कोण जातं, हे आपापल्या गावात बघा.