लिस्टोमेनिया हा खरा आजार होता की नुसता बनवलेला शब्द?

बनवलेलाच शब्द. बनवणारा जर्मन कवी हाइनरिश हाइने. १८४१च्या अखेरीस पियानोवादक फ्रान्झ लिस्ट बर्लिनला आला आणि लोकांनी ताळतंत्रच सोडलं. त्याच्या पियानोची तुटकी तार मिळाली की बायका तिचं कडं करून हातात घालायच्या, त्याने टाकलेलं सिगारचं थोटूकही जपून ठेवायच्या! १८४४मध्ये पॅरिसहून लिहिताना हाइनेने या खुळाला ‘लिस्टोमेनिया’ म्हटलं.

पण ‘मेनिया’ हा तेव्हा डॉक्टरांच्या तोंडचा शब्द होता, वेडाचं निदान. म्हणून या नावाला आज वाटते त्यापेक्षा जास्त धार होती. हाइनेने एका डॉक्टरला कारणही विचारलं. त्याने हसत चुंबकत्व, वीज आणि मेणबत्त्यांनी तापलेल्या कोंदट सभागृहात अत्तर लावून घामेजलेली शेकडो माणसं, असं बरंच काही सांगितलं. मला तर यातलं गर्दीचं कारण आजही पटतं.

१९६३मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘बीटल्स’ या बँडच्या वेडासाठी ‘बीटलमेनिया’ हा शब्द रूढ केला, तोवर ‘मेनिया’ कशालाही चिकटवायची सवय झाली होती. शब्द तोच, पण त्याला दवाखान्याचा वास राहिला नव्हता.