निम्मे तालात, निम्मे बेताल

प्रश्न : सगळे दोलक हुबेहूब सारखे, जोडणीही सारखी, तरी काही तालात आणि काही बेताल राहू शकतात, असे वाचले. प्रकाशावर असा प्रयोगही झाला आहे. प्रकल्पासाठी संगणकावर करून पाहिले, तर दर वेळी सगळेच तालात येतात. काय चुकते?
– एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बहुधा सुरुवात चुकते. २००२ मध्ये कुरामोतो आणि बात्तोगतोख या शास्त्रज्ञांनी ही अवस्था दाखवली. २००४ मध्ये अब्राम्स आणि स्ट्रोगात्झ यांनी तिला 'कायमेरा' नाव दिले. पण सगळे तालात असणे हीसुद्धा तिथे स्थिर अवस्था आहे. फेज (दोलक आवर्तनात कुठे आहे तो कोन) कशाही विखरून सोडल्या, तर गाडी बहुतेक तिकडेच घसरते.

वर्तुळावर २५६ दोलक घ्या, स्थान x ० ते १. जवळच्या बाजूने मोजलेले अंतर d असेल, तर जोडणी २e^(−४d), भागिले २५६. जोडणीच्या साइनमध्ये मिळवायचा ठरावीक फेज-फरक α = १.४५७ रेडियन, वेळेची पायरी ०.०२५, समीकरण पायरीपायरीने सोडवण्याची पद्धत रुंगे-कुट्टा. सुरुवातीची फेज : ६e^(−३०(x−०.५)²) गुणिले −०.५ ते ०.५ मधली यादृच्छिक संख्या, आणि ती प्रत्येक दोलकाला वेगळी. म्हणजे मधले विस्कटलेले, कडेचे जवळजवळ सारखे.

α आधी तपासा. हा कोन सुमारे ८३.५ अंशांचा आहे. प्रोग्राम अंशांत चालत असेल, तर १.४५७ म्हणजे जवळपास शून्यच, मग सगळे झटकन तालात येणारच! दोलक तीस-चाळीसच घेतले, तर कायमेरा दिसतो आणि थोड्या वेळाने मोडतो. संख्या वाढवली की त्याचे आयुष्य फार झपाट्याने वाढते. वेळ वाचवायला जोडणीचे कोष्टक एकदाच करून ठेवा आणि रुंगे-कुट्टाच्या पायरीतल्या प्रत्येक टप्प्याला फक्त २५६ साइन, २५६ कोसाइन काढून त्यांना त्या कोष्टकाने गुणा.

एका क्षणाच्या चित्रावर विसंबू नका. प्रत्येक दोलकाची सरासरी वारंवारता काढा : तालातल्यांची रेघ सपाट, बेतालांची कमानीसारखी. बेताल पट्टा वर्तुळावर हळूहळू सरकतो, म्हणून सरासरी फार लांबवू नका, कमान पुसट होते.

प्रकाशाचा प्रयोग २०१२ चा, मेरिलँड विद्यापीठातला. द्रवस्फटिकाचा पडदा फेज बदलतो, ध्रुवकांमुळे (पोलरायझर) त्या फेजनुसार, म्हणजे φ नुसार, प्रकाशाची तीव्रता (१−cos φ)/२ होते, कॅमेरा ती टिपतो, शेजाऱ्यांची जोडणी संगणक करतो आणि नवी फेज पडद्यावर परत जाते. तिथे वेळ टप्प्याटप्प्याने चालतो, त्यामुळे वरचा α त्या प्रयोगाच्या समीकरणात घालू नका.