मनोरंजन व नेतृत्व प्रशिक्षणाच्या निवासी कार्यशाळेत नेमकं काय करतात? लाजऱ्या माणसानं जावं का?

तुमचा प्रश्न वाचला. शाळेनं पाच दिवसांच्या निवासी कार्यशाळेसाठी तुमचं नाव परस्पर पाठवलंय, चार माणसांत उभं राहिलं की तुमचा घसा सुकतो, आणि तिथं नाचायला-गायला लावतात असं कुणीतरी सांगितल्यापासून तुम्ही आजारपणाची रजा टाकायच्या विचारात आहात.

लावतात. नाचायलाही लावतात आणि गायलाही. खोटं कशाला सांगू?

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझंही नाव असंच गेलं होतं. जायचं होतं दुसऱ्या बाईंना, पण त्यांच्या घरी लग्न निघालं आणि मुख्याध्यापकांनी यादीत खाडाखोड करून मला घातलं. दिवाळीची सुट्टी होती. नरकासुर जाळून, पाच तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे, खाऊन जरा पाठ टेकावी म्हटलं तर हे. वाळपईहून तिस्क-उसगाव, तिथं बस बदलून मोले, कार्यशाळा तिथंच होती. वाटेत धारबांदोडा येईपर्यंत मी मनातल्या मनात तीन वेळा परत फिरले होते.

आम्ही पस्तीस जण होतो. प्राथमिक शिक्षक, तीन-चार अंगणवाडी ताई, काणकोणचा एक पीटी मास्तर, ग्रंथालयात काम करणारी डिचोलीची एक मुलगी, आणि मडगावचे एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते का आले होते हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात जागे राहणारे तेवढेच. मुख्य प्रशिक्षक होते कोल्हापूरकडचे एक निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी पत्र्याचा एक डबा फिरवला आणि ज्यांच्या-ज्यांच्या गळ्यात शिट्टी होती त्यांच्याकडून ती काढून घेतली. पीटी मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता तुमची मुख्य भीती. पहिल्या रात्रीपासूनच एकेकाला एक खेळ 'घ्यायला' सांगतात. दहा मिनिटं तुमची, बाकीचे सगळे तुमची मुलं. मी घाबरून सर्वांत सोपा निवडला, मामाचं पत्र हरवलं. जमलेल्या चौतीसही जणांनी लहानपणी खेळलेला खेळ, आणि तो मी त्यांना चार मिनिटं समजावून सांगितला. कुणी पळायचं, कुणी बसायचं, रुमाल कुठं टाकायचा, मागे वळून बघायचं नाही, पाठीत धपाटा हळू घालायचा. मध्येच सर शांतपणे म्हणाले, "बाई, पत्र केव्हा हरवणार?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग खोलीत जाऊन थोडी रडले. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण तुमचंही पहिल्या रात्री असंच काहीतरी होईल. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भाजी-पाव खाताना ते कुणाच्या लक्षातही नसतं, कारण तोवर आणखी पंधरा जणांची फजिती झालेली असते.

सरांनी नंतर त्या चार मिनिटांची चिरफाड केली, ती मात्र माझ्या वहीत अजून आहे. मी रिंगणाच्या मधोमध उभी होते, म्हणजे निम्म्या लोकांना माझी पाठ दिसत होती. रिंगणाच्या रेषेवर, त्यांच्यातलंच एक होऊन उभं राहायचं. मैदानावर असाल तर ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यायचं, मुलांच्या नाही. नियम तीन वाक्यांत बसत नसेल तर आधी अर्धाच खेळ सुरू करायचा आणि उरलेला नियम दुसऱ्या डावात घालायचा. सांगायचं कमी, करून दाखवायचं जास्त. जोड्या 'आपापल्या करा' असं कधीही म्हणायचं नाही. कुणीच न निवडलेलं एक मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि ते कोण हे त्याला आधीच माहीत असतं. आणि खेळ रंगात आला की थांबवायचा. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. मुलं "बाई, अजून एकदा" म्हणतात तेव्हा थांबायला जीव होत नाही. पण कंटाळा येईपर्यंत खेळवलेला खेळ मुलं परत मागत नाहीत, हे मी आता शाळेत दर आठवड्याला बघते.

संगीत खुर्चीचा हिशेब तर मी मुलांच्या पालकांनाही सांगते. वीस मुलं, एकोणीस खुर्च्या. पहिल्या फेरीत जे मूल बाद होतं ते बहुतेक करून सर्वांत मंद, लठ्ठ किंवा बुजरं असतं, म्हणजे ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज तेच. ते उरलेल्या अठरा फेऱ्या भिंतीला टेकून बसतं. सरांनी आमच्याकडून तोच खेळ उलटा खेळून घेतला. खुर्च्यांऐवजी गोणपाटं अंथरली. दर फेरीला एक गोणपाट कमी, माणूस एकही कमी नाही. गाणं थांबलं की सगळ्यांचे पाय गोणपाटावर हवेत. शेवटच्या दोन गोणपाटांवर आम्ही पस्तीस जण एकमेकांना मिठ्या मारून उभे होतो, बँकवाले काका मध्यभागी, एका पायावर, चष्मा हातात. ज्या बाईंशी मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्या वेणीचा गजरा माझ्या नाकात होता. लाजण्याला जागा उरावी एवढं गोणपाटच नव्हतं.

अभिनय करायला लावतात का, असंही तुम्ही विचारलंय. थोडाफार. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकानं दुसऱ्याचा आरसा व्हायचं, असल्या गोष्टी. हे खेळ लहान मुलांचे वाटतात, पण यांच्यामागे मोठी परंपरा आहे. शिकागोच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात 1920च्या दशकात नेवा बॉइड नावाच्या बाई खेळ घेणाऱ्यांना प्रशिक्षण देत असत. त्यांच्याकडे शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढं खेळांतूनच नाट्यशिक्षणाची सगळी पद्धत उभी केली. म्हणून आरसा व्हायला सांगितलं तर 'हा काय पोरकटपणा' म्हणू नका. मी म्हटलं होतं.

नेतृत्वाच्या भागाबद्दल मात्र माझं मत सरसकट चांगलं नाही. तिसऱ्या दिवशी एक पाहुणे व्याख्याते आले आणि त्यांनी पडद्यावर 'उत्तम नेत्याचे गुण' दाखवले. दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य वगैरे. दीड तास. मी वहीच्या मागच्या पानावर घराच्या वाणसामानाची यादी केली. असं एखादं सत्र तुमच्याही वाट्याला येईल, मनाला लावून घेऊ नका.

खरं नेतृत्व शिकलो ते भांडी घासताना. आमचे सात-सात जणांचे पाच गट केले होते. प्रत्येक गटाला रोज एक काम आणि रोज नवा गटप्रमुख. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं मिळायचं, त्यानंतर भांड्यांचा ढीग. ही छोट्या गटांची पद्धत बालवीर (स्काउट) चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या बालवीर शिबिरात वापरली होती, वीसेक मुलं आणि चार टोळ्या. तुम्ही कॉलेजात एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर केलं असेल तर ही गटवाटणी तुमच्या अंगवळणी असेलच.

माझ्या गटप्रमुखपणाच्या दिवशी मी सर्वांना कामं वाटून दिली आणि पाणी कमी पडतंय का बघायला पंपाकडे गेले. परत येते तो तिघं गप्पा मारत उभे, एक फोनवर, आणि पीटी मास्तर एकटेच राखेनं टोप घासताहेत. रात्री सरांनी कुणाचं नाव न घेता एक गोष्ट सांगितली. कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी लिपिट व व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या क्लबांवर प्रयोग केले होते. त्याचा निबंध 1939 साली छापून आला. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. एका तऱ्हेचा म्होरक्या सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडायचा, दुसरा मुलांबरोबर बसून ठरवायचा, तिसरा नुसताच बघत राहायचा. हुकमी म्होरक्याच्या हाताखाली काम भरपूर व्हायचं, पण तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. बरोबर बसून ठरवणाऱ्याच्या गटात तो नसतानाही काम चालू राहायचं. सरांनी एवढं सांगितलं आणि उठून पाणी प्यायला गेले. मी माझ्या पंपाचा विचार करत बसले.

आणि गोफ, म्हणजे दोऱ्या गुंफत करायचा नाच. ह्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही नाचायला घाबरताय. चौथ्या संध्याकाळी काणकोणच्या त्या मास्तरांनी गोफ शिकवायचं ठरवलं. त्यांच्या तालुक्यात शिगम्याला, म्हणजे आमच्या होळीच्या सणाला, गोफ असतो. मंडपाच्या आडव्या वाशाला आठ रंगीत दोऱ्या बांधल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. एकानं आतून जायचं, समोरच्यानं बाहेरून, पुढच्याला उलट. पावलं चुकली नाहीत तर वर आपोआप वेणी पडत जाते आणि हातातली दोरी आखूड होत येते. मग तीच पावलं उलटी टाकत वेणी उलगडायची. गुंफताना मजा येते, उलगडताना कळतं कोण कुठं चुकलं.

आमचा गुंता झाला. वर हातभर वेणी नीट, त्याखाली गाठोडं. लगेच तिघं-चौघं ओरडायला लागले, तू मागं ये, तू खाली वाक, अहो तुम्ही नाही ते. मास्तर मैदानाच्या सवयीनं सगळ्यांत जोरात. सरांनी घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवणाऱ्याला थांबवलं आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. एक शब्द बोलले नाहीत. हळूहळू ओरडणं थांबलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "ती निळी दोरी पळयात, भायल्यान गेल्या."

निळी दोरी माझी होती. मी बाहेरून गेले होते, आतून जायचं सोडून. त्या मावशी काणकोणच्याच, माहेरी दरवर्षी गोफ बघून वाढलेल्या. मग त्या पुढं आल्या, एकेकाच्या खांद्याला बोट लावून "तूं फाटीं, तूं राव" (तू मागे, तू थांब) करत दहा मिनिटांत सगळं सोडवलं. मास्तर त्यांच्या मागं-मागं दोऱ्या धरून चालत होते. दुसऱ्या दिवशीच्या सत्राला सरांनी मावशींना बोलावलं, त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, नारळ खवायचे आहेत.

तर नाचाचं असं आहे. तुमचं नाचणं बघायला कुणालाही वेळ नसतो, प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या दोरीवर असतं.

आता किरकोळ. टॉर्च, डासांचं मलम, एक मग, कॅनव्हासचे बूट आणि धुतले की रात्रीत वाळतील असे दोन सुती ड्रेस पुरतात. साडी एकच न्या, शेवटच्या दिवशीच्या फोटोसाठी. जंगलाजवळ शिबिर असेल तर रात्री आवाराबाहेर पडू नका असं सांगतात ते पाळा. आमच्याकडे गव्यांची भीती होती आणि दिवसा माकडांची. माझा साबण एका वानरानं नेला, हे मी शपथेवर सांगते. पाळीची तारीख येत असेल तर सगळं बरोबर ठेवा, जवळ दुकान असेलच असं नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंना सांगूनही ठेवा, त्या दिवशीची पळापळ चुकते. निघण्याआधी शाळेकडून 'कामावर उपस्थित' असं लेखी घ्या, तोंडी नको. माझे सुट्टीबाहेर पडलेले दोन दिवस किरकोळ रजेत गेले होते आणि ते परत मिळवायला फेब्रुवारी उजाडला.

वही जाड न्या. खेळ त्याच रात्री लिहून काढा, दुसऱ्या दिवशी निम्मे विसरायला होतात. माझ्याकडे त्रेचाळीस खेळ लिहिलेले आहेत, त्यातले बारा-तेराच मी खरोखर वापरते. गोणपाटाचा सर्वांत जास्त. सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात चौथीला घेतला. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक खेळात पहिला बाद होणारा आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन खडू मोजत बसणारा. त्या दिवशी बाद व्हायची सोयच नव्हती. शेवटच्या गोणपाटावर तो सगळ्यांच्या मध्ये होता आणि "ढकलूं नाकात रे!" (ढकलू नका रे!) म्हणून सर्वांत मोठ्यानं तोच ओरडत होता. आवाज बाहेर गेला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, काय गोंधळ आहे बघायला. मी त्यांना तीन वाक्यांत सांगितलं.

तेव्हा रजेचा अर्ज फाडा आणि होकार कळवा. शिबिराला अंधार पडायच्या आत पोचा. उशिरा पोचणाऱ्यांना वरच्या खाटा मिळतात आणि आमच्या वरच्या खाटेची शिडी हलत होती.