पगार बघितलास, आता वर कोण बसलंय ते बघ

तू विचारलंस, "ताई, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीये. पगार बरा आहे, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना) मिळेल, बायकोलाही नोकरी करता येईल. सही करून टाकू ना?" आणि जाता जाता हेही लिहिलंस की शेवटच्या मुलाखतीत कंपनीचे एमडी कॉलवर आले, तसा तोवर मोकळेपणी बोलणारा टीम-लीड एकदम गप्प झाला. भाडं, थंडी, मुलांची शाळा यावर सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मी त्या गप्प झालेल्या माणसाबद्दल लिहिते.

मी 2016 मध्ये पुण्याहून इथे आले. बॅटरी नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग हे माझं काम. कंपनी तीनेकशे माणसांची. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. चूक सापडली की माझा तेव्हाचा बॉस म्हणायचा, "बरं झालं, गाडीत बसायच्या आधी सापडली." मग नवे एमडी आले. ते कधी आवाज चढवत नसत. दर सोमवारी भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक प्रकल्पापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका लागायचा. पहिल्याच महिन्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने लाल ठिपका लावला. बावीस वर्षं तिथे काढलेला माणूस. एमडींनी त्याला सगळ्यांसमोर उभं ठेवून विचारलं, "हा लाल प्रकल्पाचा, की तुमचा?" तो काही बोलला नाही, लॅपटॉप मिटून खाली बसला. आम्हीही गप्प बसलो. पुढच्या सोमवारी सगळा तक्ता हिरवा.

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. कॉफीच्या खोलीत लोक थांबेनासे झाले. शेजारच्या टेबलावर विचारायची गोष्ट मेलवर जायला लागली, तीही सीसीत सात जणांना घालून. आजारपणाच्या रजा वाढल्या. मदत मागणं म्हणजे कमीपणा, आणि दुसऱ्याची चूक दिसली तर ती जपून ठेवायची, वेळ आल्यावर कामाला येईल म्हणून. हीच माणसं वर्षापूर्वी मला घर शोधायला, ऑफिसातले फॉर्म भरायला मदत करत होती. वरचा माणूस वाईट बातमीला शिक्षा द्यायला लागला की खालची चांगली माणसंसुद्धा अशी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हुशार लोक आधी गेले, कारण त्यांना जाता येत होतं. मागे राहिले ते घराचे हप्ते असलेले आणि व्हिसावाले. म्हणजे आपण. एकदा रिलीजच्या आदल्या दिवशी माझ्या चौदा टेस्ट फेल होत्या. "तपासणी चालू आहे असं लिही," असं मला सांगण्यात आलं. मी तसं लिहिलं. त्याची खंत मला आजही आहे. तीन आठवड्यांनी ग्राहकाला दोष सापडला आणि ठपका आला टेस्टिंगवर.

हे फक्त लहान कंपनीत होतं असं समजू नकोस. फोक्सवागनचा डिझेल घोटाळा सप्टेंबर 2015 मध्ये उघड झाला: प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत. कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी काही दिवसांतच राजीनामा दिला. वरिष्ठांना "जमत नाही" सांगायची तिथे लोकांना भीती वाटायची, हे तेव्हा खूप बोललं गेलं. पण अमेरिकेत 2017 मध्ये 40 महिन्यांची शिक्षा झाली ती जेम्स लियांग या इंजिनिअरला. 2008 मध्ये तो याच डिझेल गाड्यांच्या कामासाठी जर्मनीहून अमेरिकेला गेला होता. त्याने गुन्हा कबूल केला, तो दोषी होताच. पण परदेशात बसून सही करणाऱ्याने त्याची गोष्ट लक्षात ठेवावी.

आता तुझ्या कामाचं. माझ्या वेळी ब्लू कार्डावर पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला परवानगी लागायची, म्हणून मी अडकून पडले. नोव्हेंबर 2023 पासून हे सैल झालंय. पहिल्या बारा महिन्यांत बदललीस तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं, ते बदल 30 दिवस रोखून तपासू शकतात. कायम राहण्याचा परवाना 27 महिन्यांनी, जर्मन भाषेची बी-1 ही मधली पातळी झाली तर 21 महिन्यांनी. म्हणून जर्मन आत्तापासूनच सुरू कर. परवाना हातात आला की "नाही" म्हणायची ताकद येते. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनीही काढू शकते आणि तूही सोडू शकतोस. तेवढे दिवस पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊ नकोस, शक्य असेल तर.

सही करायच्या आधी कंपनीचं नाव हांडेल्सरेगिस्टरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, टाक. 2022 पासून तिथली कागदपत्रं ऑनलाइन फुकट मिळतात. गेल्या पाच वर्षांत किती एमडी बदलले ते मोज. कुनुनू या वेबसाइटवर कर्मचाऱ्यांचे अभिप्राय वाच, पण सरासरी तारे बघू नकोस, तारखा बघ. नवा एमडी आल्यानंतरचे अभिप्राय आधीच्यांपेक्षा वेगळे आहेत का? बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ, आहे का ते विचार. पाच कर्मचारी असले तरी ते निवडता येतं, आणि शेकडो माणसांच्या कंपनीत ते नसेल तर का नाही हे जाणून घे.

सगळ्यात आधी मात्र त्या टीम-लीडला एकट्याला फोन कर. एमडी किंवा एचआर कॉलवर नकोत. एवढंच विचार: "मागच्या वेळी डिलिव्हरीची तारीख चुकली तेव्हा वर कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याचं पुढे काय झालं?" तो हसून एखादा प्रसंग सांगायला लागला तर बिनधास्त ये, विमानतळावर घ्यायला मी येईन. "आमच्याकडे तारखा चुकत नाहीत" म्हणाला, तर सही करायच्या आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.