एलआयटी हवं की केमिकल हवं?

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू नागपूरच्या महाल भागात राहतेस, एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल चांगले आलेत आणि तू एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, जायचं हे घरात जवळपास ठरल्यासारखंच आहे. मोठेबाबा तिथूनच ऑइल टेक्नॉलॉजी शिकून निघाले, मोठ्या कंपनीतून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. मुलगी कारखान्यात कशी काम करेल, ही आईची काळजी. गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय तर ते का सोडायचं, हा बाबांचा प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, ‘मला केमिस्ट्री आवडते, पण एलआयटी माझ्यासाठी आहे का, हे कसं ओळखू?’

सगळ्यांच्या बोलण्यात तुझा हा प्रश्न मागे पडू देऊ नकोस. मी त्याचंच उत्तर देतो. बाकीच्यांची उत्तरं त्यातून निघतील.

मोठेबाबांचा अभिमान रास्त आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवलं जावं म्हणून आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली आणि त्यातून १९४२ मध्ये ही संस्था उभी राहिली. विदर्भातल्या साध्या घरातली मुलं इथून तेल, रंग, कागद, प्लास्टिक, खाद्यपदार्थ अशा उद्योगांत गेली, वरच्या पदांवर पोचली. एवढ्या वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांचा गोतावळा नव्या कॉलेजला पैसे ओतून मिळत नाही. २०२३ मध्ये संस्थेचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. नागपूरकर मात्र अजून एलआयटीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आता मुद्द्याचं. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, आपलं व्हीएनआयटी १९६० पासूनचं, दोन्ही इंजिनिअरिंगच्या संस्था. तिथे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर अशा अनेक शाखा नांदतात. तिथे एखादा मुलगा कॉलेजच्या नावावर जीव लावून मिळेल त्या शाखेत शिरतो आणि बऱ्याचदा निभावून नेतो. एलआयटीचं तसं नाही. ती मुळात एकाच विषयाभोवती उभी राहिलेली संस्था आहे. कच्च्या मालाचं रसायनाच्या आणि उष्णतेच्या जोरावर, टनांच्या प्रमाणात, उपयोगी वस्तूत रूपांतर कसं करायचं, हाच तिचा प्राण. म्हणून ‘एलआयटी हवं, शाखेचं नंतर बघू’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. एलआयटी हवं असेल तर केमिकल इंजिनिअरिंग हवं असलं पाहिजे. तुझ्यासाठी सगळी कसोटी इथेच आहे.

केमिकल म्हणजे केमिस्ट्री नव्हे, हे मी दरवर्षी सांगतो आणि तरी दरवर्षी मुलं पहिल्या वर्षानंतर चकित होतात. बारावीत तुला सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया लिहायला आवडतात, असं तू म्हणतेस. छान आहे. पण या पदवीत तुझा जास्त वेळ द्रव कसे वाहतात, उष्णता कशी पसरते, मिश्रणातले घटक वेगळे कसे करायचे, किती वस्तुमान आत गेलं आणि किती बाहेर आलं, यात जाईल. म्हणजे गणित आणि भौतिकशास्त्र भरपूर, रसायनशास्त्र मधूनमधून.

एक हिशेब देतो, आज रात्री वहीत करून बघ. संत्र्याचा १०० किलो रस आहे. त्यात विरघळलेले घन पदार्थ १२ टक्के, बाकी पाणी. पाणी उडवून रस इतका दाट करायचा आहे की घन पदार्थ ६० टक्के व्हावेत. किती पाणी उडवावं लागेल? घन पदार्थ उडत नाहीत, ते १२ किलोच राहणार. तेच १२ किलो आता ६० टक्के आहेत, म्हणजे दाट रस २० किलो उरला. उडालं ८० किलो पाणी. इतकं सोपं आहे. आता पुढे जा. १०० अंशांवर एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, तर ८० किलोला सुमारे १ लाख ८० हजार. ही उष्णता कुठून आणायची? उडालेली वाफच पुन्हा वापरून पुढचं पाणी उकळता येईल का? १०० अंशांवर रस शिजल्यासारखा लागतो, मग हवेचा दाब कमी करून तो ५०-६० अंशांवर उकळवता येईल का? तसं केलं तर यंत्र केवढं लागेल, आणि खर्च?

हे प्रश्न वाचताना पुढचं उत्तर शोधावंसं वाटलं, तर बेटा, एलआयटी तुझ्यासाठी आहे. ‘अभिक्रिया कुठे आहे यात?’ असं वाटून मन उतरलं, तर तेही तितकंच महत्त्वाचं उत्तर आहे. मग सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय विज्ञान संस्थेतलं बीएस्सी, किंवा पुढच्या वर्षी आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, या वाटा तुझ्या जास्त जवळच्या ठरतील. त्या कमी दर्जाच्या आहेत, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

एका रात्रीच्या हिशेबावर मात्र थांबू नकोस. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानमालेवर वस्तुमान आणि ऊर्जेच्या ताळेबंदाची व्याख्यानं मोफत आहेत, त्यातली पहिली चार-पाच ऐक, उदाहरणं स्वतः सोडव. आणि आपल्याच शहराकडे जरा या नजरेनं बघ. भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवलं जातं, म्हणजे पेंच धरणाचं तेवढं चांगलं पाणी वाचतं. हे केमिकल आणि पर्यावरण अभियांत्रिकीचंच काम आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथेच आहे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीपाळखीतून एखादा कारखाना आतून बघायला मिळाला तर नक्की बघ. तिथला वास, आवाज, उकाडा अनुभवून मगच ठरव.

शाखांबद्दल थोडं. केमिकल इंजिनिअरिंग सर्वांत मोकळी, कोणत्याही प्रक्रिया उद्योगात चालते. गेट या पदवीनंतरच्या परीक्षेत तिचा स्वतंत्र पेपर आहे आणि त्या गुणांवर तेल-वायू क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या अभियंते घेत आल्या आहेत. फूड, ऑइल, पेंट, पॉलिमर अशा टेक्नॉलॉजीच्या शाखांत पायाचे बरेच विषय तेच, वर त्या त्या उद्योगाचं खास ज्ञान. मोठेबाबांचं ऑइल अनेकांना जुनाट वाटतं. पण साबण, डिटर्जंट, सौंदर्यप्रसाधनं, खाद्यतेल हे सगळं त्यात येतं. शिवाय अन्न सुरक्षा अधिकारी या सरकारी पदाच्या पात्रतेत फूड टेक्नॉलॉजीबरोबर ऑइल टेक्नॉलॉजीची पदवीही धरली जाते. माझा कल विचारशील तर केमिकल आधी, त्याखाली फूड आणि ऑइल तुझ्या आवडीच्या क्रमानं. यंदाच्या शाखा आणि जागा मात्र माहितीपुस्तिकेतूनच घे, मोठेबाबांच्या आठवणीतून नको. विद्यापीठ झाल्यावर अभ्यासक्रमही संस्थेच्या हातात आलाय.

आईंना हे वाचून दाखव. ताई, तुमची काळजी उडवून लावण्यासारखी नाही. कारखान्यातली सुरुवातीची वर्षं दमवणारी असतात, पाळ्या असतात. या उद्योगाच्या बऱ्याच नोकऱ्या नागपुरात नाहीत. गुजरातेत वापी, अंकलेश्वर, दहेज, नाहीतर मुंबईच्या बाजूला तळोजा, पाताळगंगा, अशा ठिकाणी मुलीला राहावं लागू शकतं. हे आत्ताच घरात बोलून घ्या, चौथ्या वर्षी नको. पण प्रक्रियेचं डिझाइन, संशोधन, गुणवत्ता, सुरक्षितता, पर्यावरण या विभागांत आज मुली मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळतात. मशीनजवळ उभं राहून घेतलेला सुरुवातीचा अनुभवच त्यांना तिथे उपयोगी पडतो. तो टाळण्याचा आग्रह धरू नका.

बाबांच्या कॉम्प्युटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुला प्रोग्रॅमिंगची ओढ असती तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण तुझ्या दोन पानी पत्रात तो शब्द फक्त बाबांच्या तोंडी आलाय. त्या कॉलेजात जाऊन त्या शाखेचे कायम शिक्षक किती, शाखेला एनबीए या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन आहे का, मागच्या बॅचच्या किती मुलांना कोणत्या कामाची नोकरी लागली, हे विचारा. मोघम उत्तर मिळालं तर त्यातून काय समजायचं ते समजा. आणि केमिकल घेतलं म्हणून कॉम्प्युटरचं दार बंद होत नाही. प्रक्रियांचं सिम्युलेशन संगणकावरच होतं, आणि गेटमध्ये २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेपर आलाय, तोही तुला देता येईल.

हेच प्रश्न एलआयटीतही विचार, नाव मोठं म्हणून सूट देऊ नकोस. अमरावती रोडवर जा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींशी बोल. प्रयोगशाळेत यंत्र स्वतः चालवायला मिळतं की चार जणींनी मिळून बघायचं? किती शिक्षक कायम, किती तासिका तत्त्वावर? इंटर्नशिप कोण मिळवून देतं? निकाल आणि गुणपत्रिका वेळेवर मिळतात का? हे त्यांच्याइतकं खरं तुला कुणी सांगणार नाही. मुंबईचं आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, १९३३ चं, याच विषयाचं दुसरं मोठं घर आहे. पर्सेंटाइल तिथपर्यंत पोचत असतील तर तेही यादीत वर ठेव, मात्र मुंबईच्या राहण्याचा खर्च आधी मांडून बघ. महालातून एलआयटीला रोज ये-जा करता येते, ही सोय छोटी नाही.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, विकल्प अर्ज भरताना क्रम आवडीनंच लाव. वर अवघड पर्याय टाकल्यानं खालची जागा हातची जात नाही. मात्र २०२५ च्या प्रवेशापासून नियम कडक झालेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. म्हणून वरच्या सहा जागांत ‘असू दे’ म्हणून काही लिहू नकोस. जिथे खरंच जाशील तेच लिही. यंदाचे नियम अर्ज भरण्याआधी सगळ्यांनी मिळून वाचा.

फीचं. तू ओबीसी आहेस आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, असं लिहिलंस. अशा मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर २०२४ पासून राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. खासगी कॉलेजात कॅपच्या जागेवरही ही सवलत आहे, त्यामुळे दोन्हीकडची तुलना फीवर करू नका. पण त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेळेत अर्ज करावा लागतो आणि कागदपत्रं पूर्ण लागतात. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि चालू वर्षासाठी वैध नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही बाबांना उद्याच फाइलमधून काढायला आणि शेवटच्या दोन्हींच्या तारखा तपासायला सांग. त्या दोन्हींतल्या एकाचीही मुदत संपली असेल तर लगेच सेतू केंद्रात जा, प्रवेशाच्या दिवसांत तिथली रांग फार वाढते.